स्ट्रॉबेरीची फळकूज: नवं औषध मारा, पण एक तुकडा कोरा ठेवा

सुरगाणा-कळवण पट्ट्यातल्या स्ट्रॉबेरीवाल्यांनो, ढगाळ चाललंय, सकाळचे दहा वाजले तरी फुलांवरचं दहिवर वाळत नाही, त्यामुळे हे आज-उद्याच करा, आठवड्यानं करून उपयोग नाही.

दरवर्षी तेच बघतोय. राखाडी बुरशी दिसली की दुकान गाठायचं, देतील ती महागडी बाटली आणायची, अख्ख्या प्लॉटवर मारायची, मग ऊन पडून सड थांबली तर औषध भारी आणि नाही थांबली तर दुसरी बाटली. औषधानं काम केलं का उन्हानं? बिनफवारणीचा तुकडाच सोडला नाही तर कळणार कसं! मागच्या सीझनला आमच्या शेजारी चार फवारे झाले, तरी क्रेटच्या क्रेट उकिरड्यावर गेले.

करायचं एवढंच. प्लॉटच्या मधला बेड घ्या, बांधाकडचा नको. फुटावर रोप, दोन ओळी, म्हणजे १० फुटांत २० रोपं. असे तीन तुकडे: एकात नवीन औषध लेबलच्या डोसनं, एकात कॅप्टन ह्या बुरशीनाशकाची ५० टक्के पावडर लिटरला २ ग्रॅम, तिसरा कोरा. हेच अजून तीन बेडवर, क्रम बदलून. सगळी मिळून २४० रोपं. मोजताना दोन्ही टोकांची दोन-दोन फूट सोडा, शेजारचा फवारा उडालेला असतो.

ही बुरशी फुलातच शिरते. फळाच्या हिरव्या टोपीखाली वाळकी पाकळी चिकटलेली असते ना, बघा, तपकिरी डाग बहुतेक तिथूनच सुरू होतो. म्हणून आज मारून परवा मोजू नका. फवारणीच्या दिवशी उमललेल्या फुलांच्या देठाला लोकर बांधा, साधारण महिन्यानं तीच फळं मोजा. शिवाय प्रत्येक तुकड्यातली २५ चांगली फळं ओल्या पेपरवर, एकमेकांना न लागता, झाकणाच्या डब्यात चार दिवस ठेवा, आतली लपलेली सड वर येते.

कोऱ्यात १०० पैकी २० सडली आणि औषधात ५, तर २० मधली १५ वाचली, म्हणजे ७५ टक्के काम. नवीन ७५ आणि कॅप्टन ७० देत असेल तर जास्तीचे पैसे कशाला घालता?

कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक सारखं-सारखं मारू नका, ही बुरशी त्याला लवकर दाद देईनाशी होते. फळातून काळ्या केसांसारखी बुरशी येऊन पाणी गळत असेल तर तो रोग वेगळा, ती फळं ह्या मोजणीत धरू नका.

बाकी कामं:
- सडकी फळं रोज वेचून प्लॉटबाहेर, कोऱ्या तुकड्यातली पण (मोजून)
- जुनी पानं काढणे
- युरिया बंद
- औषध आणि तोडणीतलं अंतर लेबलप्रमाणे

कोऱ्या तुकड्याच्या चारी कोपऱ्यांना खुंट्या ठोका, लाल चिंधी बांधा आणि पंप घेणाऱ्याला तिथं नेऊन दाखवा. माझा पहिल्या वर्षीचा कोरा तुकडा गड्यानं राहिला म्हणून फवारून टाकला होता, सगळी मोजणी वाया गेली.