अमेरिकेला मुलांकडे निघताना: शेवटच्या आठ दिवसांत काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

मुलाकडे किंवा मुलीकडे पाच-सहा महिन्यांसाठी अमेरिकेला निघालेल्या घरात शेवटचा आठवडा बॅगांचाच असतो. हॉलमध्ये वजनकाटा, दिवाणावर मेतकुटाच्या नि भाजणीच्या पुड्या, आणि तिकडून रोज फोन: गोडा मसाला विसरू नकोस. बॅगा भराव्यात, हौसेने भराव्यात, पण सगळ्यात शेवटी. मेतकूट राहिलं तर न्यू जर्सीत भारतीय दुकानात मिळतं. बँकेचा ओटीपी येईनासा झाला, दाढ ठणकायला लागली किंवा पेन्शन अडकली, तर मात्र तिथे बसून फारसं काही करता येत नाही. म्हणून यादी करताना प्रत्येक कामापुढे एवढंच लिहा: हे तिथून होईल की नाही. ज्यांच्यापुढे 'नाही' आलं, ती कामं पहिल्या तीन-चार दिवसांत उरका.

पासपोर्ट आणि तिकीट शेजारी-शेजारी ठेवा

हे आज संध्याकाळीच करा. दोन्हींवरचं नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा. मधल्या नावाचा घोळ आपल्याकडे नेहमीचा. पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात असतं, आणि तिकीट काढताना घाईत एकच टाकलं जातं. मधलं नाव गाळलेलं बहुधा चालून जातं, पण आडनाव माहेरचं पडलं किंवा स्पेलिंग चुकलं तर काउंटरवर अडवतात. चूक दिसली की त्याच दिवशी एअरलाइनला किंवा एजंटला फोन करा.

व्हिसा दहा वर्षांचा असतो आणि पासपोर्ट त्याआधीच संपून नवा आलेला असतो, असं अनेकांचं होतं. अशा वेळी जुना आणि नवा, दोन्ही पासपोर्ट न्यायचे. जुना रद्द झालेला असला तरी त्यावरचा व्हिसा मुदतीतला आणि धड असेल तर तो चालतो. जुना पासपोर्ट बँकेच्या लॉकरमध्ये असेल तर उद्याच काढून आणा.

आता तारीख. मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख, ००:५० असं छापलेलं असेल, तर घरातून निघायचं ते १४ तारखेला. कॅलेंडरवर 'विमान १५' असं लिहू नका. 'घरातून निघणे, १४ तारीख, दुपार' असं लिहा, आणि गाडीवाल्याला, शेजाऱ्यांना हीच तारीख सांगा.

व्हीलचेअरची नोंदही आताच करून टाका. निदान ४८ तास आधी एअरलाइनला कळवायचं असतं आणि तिचे पैसे पडत नाहीत. चालता येतं, मग कशाला, असं म्हणून कित्येक जण संकोचतात. पण दुबई किंवा दोहासारख्या ठिकाणी विमान बदलताना अंतरं फार लांब असतात, वेळ कमी असतो आणि गुडघे आधीच आखडलेले असतात. सोबतचा माणूस थेट पुढच्या गेटपर्यंत पोचवतो. एकट्या निघालेल्या आईसाठी तर ही नोंद कराच.

दात, चष्मा आणि औषधं

अमेरिकेत दातांचे उपचार अतिशय महाग आहेत आणि आपण इथून घेतलेल्या बहुतेक प्रवास विम्यांत ते बसत नाहीत. म्हणून आठवड्याच्या सुरुवातीलाच दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन या. एखादी दाढ कुरकुरत असेल तर रूट कॅनॉलला दोन-तीन खेपा लागतात, आणि त्या शेवटच्या दोन दिवसांत मावत नाहीत. चष्म्याची जोडी जादा करून घ्या, नंबरचा कागद फाइलमध्ये ठेवा. कानाचं यंत्र असेल तर त्याचे सेल पुरेसे घ्या.

औषधांची चिठ्ठी डॉक्टरांकडून नव्याने, इंग्रजीत आणि वाचता येईल अशी लिहून घ्या. तिच्यावर ब्रँडबरोबर औषधाचं मूळ नाव हवं, कारण आपल्या इथला ब्रँड तिथल्या डॉक्टरला ओळखू येणार नाही. पासपोर्टवर जे नाव, तेच चिठ्ठीवर आणि केमिस्टच्या बिलावर. आणखी एक बारीक गोष्ट आहे. केमिस्ट दहाच्या पट्टीतून सहा गोळ्या कापून देतो, तेव्हा नाव नि मुदत छापलेला तुकडा त्याच्याकडेच राहतो. आपल्या हातात येते ती नुसती चंदेरी पट्टी, आणि तपासणीत ती कसली हे सांगता येत नाही. अख्ख्या पट्ट्या मागा, छापील बिल मागा, आणि गोळ्या डब्यांत सुट्या करून नेऊ नका.

किती न्यायची? अमेरिकेत साधारण ९० दिवस पुरतील इतकी स्वतःपुरती औषधं नेणं हा सर्वसाधारण दंडक आहे. त्याहून जास्त लागणार असतील तर डॉक्टरांचं पत्र सोबत ठेवा आणि पुढची सोय कशी करायची ते मुलांशी आधीच बोलून घ्या. झोपेच्या गोळ्या, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक यांबाबत जास्तच जपा. वाटेत संयुक्त अरब अमिरातीत विमान बदलायचं असेल तर तिथे अशा औषधांचे नियम कडक आहेत.

निदान पंधरा दिवसांची औषधं हँडबॅगेत हवीत, कारण मोठी बॅग मागे राहू शकते. इन्सुलिन मोठ्या बॅगेत ठेवूच नका. सामानाच्या कप्प्यात ते गोठून निकामी होऊ शकतं. डॉक्टरांची चिठ्ठी असली की सुया आणि पेन हँडबॅगेत नेता येतात.

प्रवास विमा भारतातून निघण्यापूर्वीच घ्यायचा. त्यात रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार हे आधीपासूनचे आजार खरे लिहा. हप्ता थोडा वाढेल म्हणून ते लपवले, तर नेमक्या गरजेच्या वेळी दावा नाकारला जातो. पॉलिसीचा नंबर आणि अमेरिकेतून लावायचा फोन नंबर मुलांनाही पाठवून ठेवा.

फोन, बँक आणि पेन्शन

आपली सगळी बँक आता एका सिमकार्डावर टांगलेली आहे. आधार, पेन्शनचं खातं, ठेवी, इन्कम टॅक्स, सगळ्यांचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. रिचार्ज संपला आणि सलग ९० दिवस सिम वापरलं गेलं नाही, तर नंबर बंद होऊ शकतो. म्हणून मुक्कामापेक्षा जास्त मुदतीचं रिचार्ज इथूनच करा आणि आंतरराष्ट्रीय रोमिंग इथे असतानाच चालू करून घ्या. रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत. मोबाइल डेटा मात्र बंद ठेवा, नाहीतर बिल फुगतं. दुकानातल्या मुलाला 'रोमिंगवर एसएमएस येतील ना' असं स्पष्ट विचारा आणि त्याच्यासमोरच सेटिंग बघून घ्या. सिम इथे नातेवाइकाकडे ठेवून जाण्याचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. ज्याच्या हातात सिम, त्याच्या हातात खातं.

रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नवी डेबिट आणि क्रेडिट कार्डं मुळात देशातल्या वापरापुरतीच चालू असतात. परदेशातला वापर अ‍ॅपमधून किंवा शाखेत जाऊन वेगळा चालू करावा लागतो. कार्डाची मुदतही बघा. ऑगस्टमध्ये संपणार असेल तर नवं कार्ड कुलूपबंद घराच्या पत्त्यावर येऊन परत जाईल.

पेन्शनवाल्यांनी नोव्हेंबर लक्षात ठेवायचा. हयातीचा दाखला बहुतेकांना त्याच महिन्यात द्यावा लागतो. परतीचं तिकीट त्यानंतरचं असेल तर शाखेत किंवा कोषागारात जाऊन, परदेशातून तो कसा स्वीकारतात ते विचारून घ्या. अमेरिकेतल्या भारतीय वकिलाती हा दाखला करून देतात, पण वकिलात काही गल्लीच्या टोकाला नसते. कदाचित दुसऱ्या राज्यात जावं लागेल, म्हणून मुलांना आधीच सांगा.

इन्कम टॅक्स रिटर्नची ३१ जुलै मुक्कामात येत असेल तर व्याजाचे दाखले आणि बाकीचे कागद सीएकडे आताच द्या. टीडीएस कापू नये म्हणून बँकेत द्यायचा फॉर्म, मुदत संपणाऱ्या ठेवींच्या नूतनीकरणाची सूचना, सोसायटीचा मेंटेनन्स, मालमत्ता कर ही कामं एका सकाळी उरकतात.

डॉलर आणि दागिने

यावर थोडंच सांगायचं आहे. बहुतेक रक्कम फॉरेक्स कार्डावर (आधी डॉलर भरून ठेवायचं कार्ड) ठेवा आणि थोडे रोख डॉलर न्या, त्यातही एक आणि पाचच्या नोटा मागून घ्या. रोख परकीय चलन एका प्रवासात ३,००० डॉलरपर्यंतच नेता येतं. परतल्यावर टॅक्सीला लागतील म्हणून रुपये नेत असाल तर त्यांची मर्यादा २५,००० आहे. दागिने लॉकरमध्ये ठेवा. लग्नकार्यासाठी न्यायचेच असतील तर निघताना विमानतळावर कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, म्हणजे परत येताना ते आपलेच आहेत हे पटवत बसावं लागत नाही.

आता बॅग आणि खाऊ

मुलांसाठी काय काय न्यायचं हे मी सांगायला नको. काय नेऊ नये, ते सांगते.

तांदूळ नेऊ नका. इंद्रायणी किंवा आंबेमोहोर कितीही प्रेमाने बांधला असला, तरी भारतातून प्रवाशाच्या बॅगेत तांदूळ नेण्यास अमेरिकेत मनाई आहे. खपरा नावाची धान्यातली कीड तिकडे पोचू नये म्हणून हा नियम आहे. कढीपत्ता ओला नाही आणि वाळवलेलाही नाही, कारण लिंबू-संत्र्याच्या झाडांवरचा रोग त्याच्यामार्फत पसरतो. ताजी फळं, भाज्या, बिया, रोपं, मांसाचे पदार्थ हेही नाही. एप्रिल-मेमध्ये निघणाऱ्यांना हापूसच्या पेटीचा मोह फार होतो. हापूस अमेरिकेत जातो तो लासलगावसारख्या केंद्रांत विकिरण प्रक्रिया करून, व्यापारी मार्गाने. बॅगेतली पेटी कस्टममध्येच काढून घेतात, आणि ते बघवत नाही.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या काढून ठेवा. त्यातल्या तेलामुळे खोबरं आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमान वाहतुकीच्या नियमांत ते धोकादायक मालात मोडतं. खसखशीचं कारण वेगळं. संयुक्त अरब अमिरात आणि सिंगापूर इथे ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. वाटेत दुबई किंवा सिंगापूर असेल तर पुडी नको आणि खसखशीवर थापलेले अनारसेही नकोत.

मसाले, मेतकूट, कोरड्या चटण्या आणि भाजणी जाऊ शकतात, पण मोठ्या बॅगेतून न्या. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात हँडबॅगेत ३५० मिलिलिटरहून जास्त पूड असेल तर ती वेगळी तपासतात आणि कळली नाही तर ठेवून घेतात. लोणचं आणि तूपही मोठ्या बॅगेतच: बरणीच्या झाकणाखाली प्लॅस्टिकचा कागद लावा, वरून चिकटपट्टी, मग दोन पिशव्या. प्रत्येक पुडीवर इंग्रजीत पदार्थाचं नाव लिहा. कस्टममध्ये खाण्याचं काही आहे का असं विचारलं तर 'हो' म्हणा. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतात. न सांगितलेली सापडली तर दंड होतो.

पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या हँडबॅगेतच ठेवायच्या. वजन घरीच करा आणि मर्यादेपेक्षा अर्धा-एक किलो कमीच भरा, कारण घरचा काटा आणि विमानतळावरचा काटा जुळतीलच असं नाही.

घर बंद करताना

उन्हाळ्यात निघून दिवाळीच्या सुमारास परतणाऱ्यांचं घर अख्खा पावसाळा बंद राहतं. त्यामुळे चोराइतकीच ओलीचीही काळजी करायला हवी. गच्चीची आणि बाल्कनीची पन्हळं साफ करून घ्या. कपाटं भिंतीपासून थोडी सरकवा. महिन्यातून एकदा घर उघडून खिडक्या तासभर मोकळ्या ठेवेल असं विश्वासाचं माणूस ठरवा आणि किल्ली त्यांच्या हातात द्या. फ्रिज रिकामा करून, पुसून, दार किलकिलं ठेवायचं; बंद दाराआड सहा महिन्यांत बुरशी धरते. गॅसचा रेग्युलेटर काढा, पाण्याचा मेन कॉक बंद करा. डाळी, पिठं, रवा वाटून टाका. गाडीच्या बॅटरीची वायर काढून घ्यायला मेकॅनिकला सांगा. दूध, पेपर बंद. तुळस शेजारी, देव ज्यांच्याकडे रोज पूजा होते अशा घरी, किंवा रीतीप्रमाणे तांदळात.

कामाच्या मावशींशी नीट बोला. आपला प्रवास म्हणजे त्यांचं सहा महिन्यांचं उत्पन्न बंद. महिन्याला निम्मा पगार तरी चालू ठेवता आला तर ठेवा, किंवा ओळखीत दुसरं काम लावून द्या. घरातल्या इतक्या वर्षांच्या माणसाला निघायच्या दिवशी 'उद्यापासून येऊ नका' असं सांगणं बरोबर नाही.

निघायचा दिवस

उड्डाणाआधी निदान तीन तास विमानतळावर पोचायचं. पुण्याहून मुंबईला जाताना घाटात गाडी अडकते हे गृहीत धरून आणखी दोन-तीन तास हातात ठेवा. गळ्यातल्या छोट्या पिशवीत पासपोर्ट, तिकिटाची छापील प्रत, विम्याचा कागद, आणि एका चिठ्ठीवर मुलाचं नाव, पूर्ण पत्ता, फोन नंबर. फोन बंद पडला तर हीच चिठ्ठी उपयोगी येते. परतीच्या तिकिटाची प्रतही जवळ असू द्या. इमिग्रेशनचा अधिकारी किती दिवस राहणार, कुणाकडे, असं विचारतो. जे खरं आहे ते थोडक्यात सांगा. बोलायची अडचण वाटली तर दुभाषा मागता येतो.

घरी पोचून झोप झाली की मुलाला पहिलं काम हे सांगा: अमेरिकेच्या कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शनच्या संकेतस्थळावरून तुमचा आय-९४ काढायचा. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी या खेपेला कुठवर राहता येईल ते या नोंदीवर असतं, आणि ती मुदत सहसा सहा महिन्यांची मिळते. परतीचं तिकीट त्या तारखेच्या आतलं आहे ना, एवढं तेव्हाच बघून घ्या.