पावसाळाभर उभी असलेली जुनी गाडी चालू होत नाही? या चुका टाळा

सोयाबीन काढायला आलं का आमच्याकडं दरवर्षी हाच सीन असतो. पावसाळाभर वावराच्या रस्त्यानं चिखल, म्हणून जुनी हिरो होंडा कोठ्यात बैलाच्या बाजूला उभी, अन् दसऱ्याच्या आगेमागे ती अचानक लागते. मंग घरातले सगळे पाळीपाळीनं किका मारतात, एकाची चप्पल तुटते, एकाच्या नडगीला लागते, गाडी ढिम्म.

पहिली चूक हीच. आधी कार्बेटर रिकामं करा भाऊ. त्याच्या बुडाच्या वाटीत साठलेलं जुनं पेट्रोल हळूहळू उडून जाते अन् मागं चिकट थर राहते, त्यात आताच्या पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल, ते हवेतली ओल ओढते. मागच्या वर्षी मी वाटीखालचा ड्रेन स्क्रू ढिला करून क्वार्टरच्या रिकाम्या बाटलीत काढलं, तर तळाला पाण्याचा थेंब मण्यासारखा लोळत होता अन् वास वार्निशचा. ते फेकलं, टाकीत ताजं टाकलं, कॉक उघडून वाटी भरू दिली. तिसऱ्या किकला चालू.

दुसरी चूक म्हणजे चोक ओढून एक्सिलेटरची मूठ पिळत बसणं. चोक हवा अडवते म्हणून पेट्रोल जास्त ओढलं जाते, मूठ पिळली का ती ओढच कमी होते. थंड गाडीला चोक पूर्ण, मूठ बंद, बस. पेट्रोलचा वास सुटला तर प्लग ओला झाला समजा, चोक बंद करून मूठ पूर्ण उघडी ठेवून सात-आठ किका मारा, नाहीतर प्लग काढून पुसा.

अन् किका मारूनही प्लग कोरडाच निघत असेल तर बहुतेक कार्बेटरातलं जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा तुकडा, चोकअप आहे. तिथं सायकलच्या ब्रेकची तार घालणारे लय आहेत. अरे ते पितळेचं केसाएवढं भोक, एकदा मोठं झालं का गाडी आयडलला कधीच नीट चालत नाही. जेट काढून पेट्रोलमध्ये भिजवा, पंक्चरवाल्याकडून हवा मारून घ्या.

रिझर्व्हवर चालू करायला जाऊ नका, टाकीच्या तळातला गंज-पाणी सगळं खाली येते.

हे सगळं करूनही शेजारच्या काकांची गाडी घुरघुर करून बंद पडे. शेवटी एअर फिल्टरचा डबा उघडला, तर उंदरानं सरकीसकट कापूस भरून ठेवलेला, अन् आत चार पिल्लं.