सिलिकाच्या कणांत नायट्रिक ऑक्साइड भरताय? या चुका टाळा

‘सर, सगळे जिवाणू मेले!’ हे वाक्य ऐकलं की मला आनंद होत नाही, पोटात गोळा येतो. कारण पुढचा प्रश्न मला ठाऊक असतो: मारले कुणी, कणांत भरलेल्या नायट्रिक ऑक्साइड वायूने की आणखी कशाने?

सच्छिद्र सिलिकाचे कण करताना सीटॅब या साबणासारख्या रसायनाचा साचा वापरतात. त्याच्याभोवती सिलिका जमते, मग सीटॅब काढून टाकला की दोन-तीन नॅनोमीटरची छिद्रं उरतात. आता हा सीटॅब म्हणजे जखम धुवायच्या औषधातल्या सेट्रिमाइडचा सख्खा भाऊ. जिवाणू मारणं हा त्याचा धंदाच आहे. छिद्रांत तो थोडा जरी राहिला, तरी तुमचा वायू काही न करता हिरो ठरतो.

मी स्वतः यात तोंडावर आपटलोय. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी वायू भरलेले कण स्टॅफिलोकोकस जिवाणूंवर टाकले. सकाळी प्लेट कोरी. आठवडाभर मी हवेत. गाइडनी आलेखाकडे पाहिलंही नाही, एवढंच विचारलं, ‘वायू न भरलेले कण टाकलेस का?’ टाकले नव्हते. टाकले, तर तीही प्लेट कोरी! चार महिन्यांचं काम पाण्यात. सीटॅब काढायला अमोनियम नायट्रेट घातलेल्या गरम इथेनॉलमध्ये कण एकदाच धुतले होते, तेही घाईत, कारण शुक्रवार होता.

आता मी तीनदा धुतो. शेवटच्या धुण्यातला द्रव वाळवून, थोड्या पाण्यात घेऊन कुपी जोरात हलवतो. फेस आला की परत धुणं. नाही आला तरी समाधान मानत नाही, एफटीआयआरवर (इन्फ्रारेड किरणांनी रेणूंतले बंध ओळखणाऱ्या यंत्रावर) 2920 आणि 2850 ला सीटॅबच्या कार्बन साखळीची शिखरांची जोडी उरली आहे का, ते बघतो. वायू धरण्यासाठी सिलिकावर बसवलेल्या अमीन गटांची साखळीही तिथे थोडी दिसते, म्हणून धुण्याआधीचा आलेख शेजारी ठेवायचा. ‘550 अंशांना भाजून टाकू का?’ असं दर वर्षी कुणीतरी विचारतंच. टाका, पण त्याबरोबर अमीनही जळतील. मग वायू धरणार कोण?

दुसरं दुखणं ओलाव्याचं. अमीनवर नायट्रिक ऑक्साइड डायझेनियमडायोलेट नावाच्या संयुगाच्या रूपात बसतो आणि पाण्यातला प्रोटॉन मिळाला की सुटतो. शरीरात हेच हवं असतं, कुपीत नको. आमच्याकडे पुण्यात जुलैमध्ये फ्रीझरमधून काढलेली कुपी लगेच उघडली, तर आतल्या पावडरवर दव बसतं आणि मोजणी सुरू व्हायच्या आधीच वायू गळायला लागतो. मी कुपी बंदच डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या भांड्यात) ठेवतो, ती खोलीच्या तापमानाला आली की मगच उघडतो. अर्धा-पाऊण तास लागतो. या वेळात चहा प्या, पण झाकणाला हात लावू नका. मोठ्या कुपीपेक्षा एकेका प्रयोगापुरत्या छोट्या कुप्या भरणं उत्तम.

वायू भरताना रिअॅक्टरमधला ऑक्सिजन नीट काढला नाही, तर आत नायट्राइट तयार होतो. मग ग्रीस चाचणीत शून्याव्या मिनिटालाच गुलाबी रंग चढतो आणि पोरं त्याला ‘सुरुवातीचा झपाटा’ म्हणून मोकळी होतात. ती चाचणी नायट्राइट मोजते, नायट्रिक ऑक्साइड नव्हे! आर्गॉनने निदान सहा वेळा फ्लश करायचं. शक्य असेल तिथे केमिल्युमिनेसन्सवरच, म्हणजे वायूच्या अभिक्रियेतून निघणाऱ्या प्रकाशावरूनच मोजायचं.

बाकीच्या चुका पटापट सांगतो. प्राथमिक अमीनवर वायू टिकत नाही, द्वितीयक अमीन असलेला सिलेन (अमीनला सिलिकाशी जोडणारं रसायन) घ्या. जास्त अमीन म्हणजे जास्त वायू, हा हिशेब लोभाचा आहे. सिलेन वाढवला की छिद्रांची रांग विस्कटते. बीईटीला (कणांचं पृष्ठफळ मोजणाऱ्या चाचणीला) वायू भरलेला नमुना देऊ नका, त्याआधी नमुना तापवून रिकामा करतात, त्या डिगॅसिंगच्या उष्णतेत माल उडून जातो. अमीनऐवजी गंधकावर वायू धरणारं नायट्रोसोथायॉल वापरत असाल तर उजेड आणि तांबं दोन्ही शत्रू: कुपीला फॉइल गुंडाळा, बफरमध्ये तांबं बांधून ठेवणारं ईडीटीए घाला.

आणि रिकामे कण ओव्हनमध्ये वाळवू नका. एकदा चिकटले की ध्वनिलहरींनी कण सुटे करणारा सोनिकेटर तासभर कोकलत बसला तरी सुटत नाहीत. इथेनॉलमध्ये तसेच ठेवा, कुपीवर तारीख घाला. तारीख पेन्सिलने लिहा, मार्करची शाई इथेनॉलने पुसली जाते.