व्हॉल्व्हचा गिटार अ‍ॅम्प दुरुस्त करायला शिकणाऱ्यांसाठी, इंदुरातून

गिटारचे व्हॉल्व्हवाले (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणारे) अ‍ॅम्प दुरुस्त करायला शिकायचंय म्हणून मुलं अधूनमधून विचारायला येतात. बहुतेक स्वतः गिटार वाजवणारीच. त्यांना आधी सांगून टाकतो की इंदुरात नुसत्या या कामावर घर चालत नाही. दुकानाचं भाडं निघतं ते की-बोर्ड, मिक्सर आणि लग्नसराईत जळालेल्या डीजेच्या मशिनींवर. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प मधूनच येतो. पण तो आणणारा माणूस फार घासाघीस करत नाही, आणि काम आवडलं तर चार जणांना सांगतो.

आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा ट्रेड केलात तर मीटर, सोल्डरिंग आणि सर्किट वाचणं पक्कं होईल. व्हॉल्व्हसाठी मात्र एखाद्या जुन्या रेडिओवाल्या काकांकडे जाऊन बसा. मालवा हाउसचं आकाशवाणी केंद्र ज्या रेडिओंवर ऐकलं जायचं, ते ज्यांनी उघडले-जोडले, त्यांना हे सगळं तोंडपाठ असतं. विद्या मुळात त्यांचीच. गिटार आणि अ‍ॅम्प बनवणाऱ्या लिओ फेंडरचंही आधी कॅलिफोर्नियात फुलर्टनला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि मार्शल या इंग्लिश कंपनीचा १९६२चा पहिला अ‍ॅम्प फेंडरच्या बेसमन या मॉडेलचं सर्किट समोर ठेवूनच बनला.

आता जिवाची गोष्ट. आत ४००-४५० व्होल्ट डीसी असतात, आणि प्लग काढला तरी मोठे फिल्टर कंडेन्सर ते धरून बसतात. १० किलोओहम, १० वॅटचा रजिस्टन्स इन्सुलेटेड क्लिपांना जोडून ठेवा, कंडेन्सर त्यातून रिकामे करा, मग मीटर लावून खात्री करा. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडणारे उस्ताद पुष्कळ भेटतील, त्यांचं ऐकू नका. चालू अ‍ॅम्पमध्ये मोजताना अंगठी-कडं काढून ठेवा, डावा हात खिशात. मीटर आणि त्याच्या वायरी हजार व्होल्टच्या हव्यात.

अ‍ॅम्प आला की लगेच लावून बघायचा मोह होतो. नको. पहिला अर्धा तास तो बंदच राहू द्या. फ्यूज बरोबर किमतीचा आहे की कुणी तार गुंडाळलीय, अर्थिंग चेसिसला खरंच पोचतंय का, फुगलेला कंडेन्सर, काळा पडलेला रजिस्टन्स, हे सगळं डोळ्यांनी आणि ओहम रेंजवर कळतं. मग सिरीज बोर्ड. १०० वॅटचा साधा तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावून अ‍ॅम्प चालू करायचा, आधी व्हॉल्व्ह काढून. बल्ब भपकन लागून मंद झाला तर ठीक, भगभगत राहिला तर आत शॉर्ट आहे. एलईडी बल्ब इथे चालत नाही. तारेचा बल्ब दिसला की दोन-चार घेऊन ठेवा.

व्हॉल्व्ह लावून चालवताना स्पीकरऐवजी ८ ओहम, १०० वॅटचा वायरवाउंड रजिस्टन्स जोडा. ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प स्पीकरशिवाय चालू राहिला तरी त्याचं काही बिघडत नाही. व्हॉल्व्हचा तसा वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो, आणि या कामात त्याच्याइतकी महाग चीज दुसरी नाही. इनपुटला १ किलोहर्ट्झचा बारीक सिग्नल द्या, स्कोप (लाट दाखवणारा ऑसिलोस्कोप) लोडवर, म्हणजे त्या रजिस्टन्सवर लावा, लाट माथ्यावर चपटी व्हायला लागते तिथे थांबा. तेव्हा लोडवर २० व्होल्ट एसी असतील तर ५० वॅट निघतायत.

एक केस सविस्तर सांगतो. तक्रार होती की पंधरा मिनिटांनी आवाज बसतो आणि हमिंग येतं. आत ईएल३४ नावाचे दोन पॉवरचे व्हॉल्व्ह होते. गरम झाल्यावर त्यातल्या एकाची प्लेट (आतला धातूचा पत्रा) लाल व्हायला लागली. जळका व्हॉल्व्ह समजून नवी जोडी टाकली असती तर तीही गेली असती. दोन्ही व्हॉल्व्ह काढून सॉकेटवर ग्रिडचं (करंट आवरून धरणाऱ्या जाळीचं) व्होल्टेज घेतलं. एकीकडे उणे ३८, दुसरीकडे उणे २९. त्या बाजूच्या ०.०२२ मायक्रोफॅरडच्या कपलिंग कंडेन्सरचा (हा सिग्नल पुढे जाऊ देतो, डीसी अडवतो) एक पाय उचलला आणि व्होल्टेज परत उणे ३८ झालं. कंडेन्सर मागच्या स्टेजचं डीसी गळत होता. तो बदलल्यावर बायस (सिग्नल नसताना व्हॉल्व्हमधून वाहणारा करंट) नव्याने लावला. ईएल३४ची प्लेट २५ वॅटची, त्याच्या सत्तर टक्के धरले तर ४५० व्होल्टवर साधारण ३९ मिलिअँपिअर. त्यापुढे माझा हात जात नाही, ग्राहक ‘भिया, थोडा और’ म्हणाला तरी.

हमिंगमध्येही फरक ओळखायला शिका. फिल्टर कंडेन्सर थकले की १०० हर्ट्झचं, जरा खरखरीत. फिलामेंटच्या (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेच्या) वायरिंगचं किंवा अर्थिंगचं असेल तर ५०चं, जाडसर. रात्री लाइन २४५वर गेली आणि अ‍ॅम्प २२० व्होल्टचा असेल, तर ६.३च्या फिलामेंटला सातच्या आसपास व्होल्ट मिळतात. व्हॉल्व्ह लवकर का जातात, याचं उत्तर कधीकधी तिथे असतं. परदेशी अ‍ॅम्प घरी नेला तर मागचा व्होल्टेज सिलेक्टर आधी बघा.

स्पीकर वेगळा तपासायचा. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साडेसहाच्या आसपास दाखवतो, तो बिघाड नाही. दोन्ही हातांच्या बोटांनी कोन सारखा दाबून बघा. खरखर घासलं तर कॉइल गेली. दीड व्होल्टचा सेल, प्लसला प्लस असा, क्षणभर टेकवला की कोन पुढे यायला हवा, मागे गेला तर प्लस-मायनस उलटे.

पैशांबाबत: तपासणीची फी वेगळी ठेवा आणि ती अ‍ॅम्प उघडण्याआधी सांगा. व्हॉल्व्ह आता स्लोव्हाकिया, रशिया, चीनहून येतात, तेव्हा अर्धे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय मागवू नका. पॉवरचे व्हॉल्व्ह जुळवलेली जोडीच मागवा, एकेकटे नकोत.