ॲपच्या डिझाइनमधून होणारं नुकसान : या चुका टाळा

लोकांचं वाईट व्हावं म्हणून सहसा कुणी ॲप बनवत नाही. तरी नुकसान होतं, आणि शोधायला गेलं की ते ठरावीक जागीच सापडतं : आधीच टिक करून ठेवलेल्या चौकटीत, अर्थ न लागणाऱ्या एरर मेसेजमध्ये, मागे न घेता येणाऱ्या बटणात. आचारसंहितेचं पान नंतर लिहा. आधी या जागा तपासा.

डीफॉल्ट बेफिकिरीने ठेवणं

बहुतेक लोक सेटिंग उघडतच नाहीत, त्यामुळे डीफॉल्ट, म्हणजे आधीच ठरवून ठेवलेली सेटिंग, हा त्यांच्या वतीने तुम्ही घेतलेला निर्णय असतो. फेब्रुवारी २०१० मध्ये गूगलने जीमेलमध्ये ‘बझ’ नावाचं सोशल नेटवर्क आणलं. ज्यांच्याशी मेल-चॅट जास्त, त्यांना आपोआप फॉलो लागलं आणि ती यादी प्रोफाइलवर दिसू लागली. पण मेल जास्त कुणाशी होतात? मित्रांशी, तसेच वकिलाशी, डॉक्टरांशी, आणि ज्याच्यापासून सुटका करून घेतली त्या माणसाशीसुद्धा. आरडाओरडा झाल्यावर काही दिवसांतच आपोआप फॉलो काढावं लागलं. पुढे २०११ च्या तडजोडीत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने, गूगलच्या मागे २० वर्षांची खासगीपणाची तपासणी लावली.

प्रत्येक डीफॉल्टपुढे विचारा : हे चुकलं तर परत घेता येईल का? चुकीचा फाँट परत घेता येतो, उघड झालेला पत्ता नाही. परत घेता न येणारं ते सगळं बंद ठेवूनच सुरुवात करा : लोकेशन, संपर्क, ‘शेवटचं ऑनलाइन कधी’. परवानगी इन्स्टॉल करताना मागू नका, ती गोष्ट वापरायची वेळ येईल तेव्हा मागा. हवामान दाखवायला शहर पुरतं, मग घराचा अचूक बिंदू मागायचं कारणच नाही.

एरर मेसेजची सवय लावणं

थेरॅक-२५ हे कॅन्सरच्या रेडिएशनचं मशीन. १९८५ ते १९८७ या काळात त्याने सहा जणांना प्रचंड जादा मात्रा दिली. एका प्रसंगात ऑपरेटरने उपचाराच्या प्रकारात चुकून ‘एक्स’ (एक्स-रे) टाइप केलं आणि लगेच वर जाऊन ‘ई’ (इलेक्ट्रॉन) केलं. ही दुरुस्ती साधारण ८ सेकंदांच्या आत झाली की पडद्यावर नवी निवड दिसे, पण आतली जुळणी जुनीच राही. सरावलेल्या हाताला तेवढा वेळ लागतच नाही. मग पडद्यावर येई ‘मालफंक्शन ५४’, बस्स. त्याचा अर्थ ऑपरेटरला कळेल असा कुठेच लिहिलेला नव्हता. असे मेसेज रोजचेच असल्याने ‘पी’ दाबून पुढे जायची सवय लागलेली. ठरलेल्या मात्रेच्या सुमारे शंभरपट रेडिएशन रुग्णाच्या अंगावर पडलं.

आधीच्या मॉडेलमध्ये अशा वेळी किरण अडवणारं वेगळं हार्डवेअर कुलूप होतं. सॉफ्टवेअरवर भरवसा ठेवून ते काढलं होतं, त्यामुळे कोडमधली चूक अडवायला दुसरं काहीच उरलं नव्हतं.

तुमचं ॲप रेडिएशन देत नसेल, पण पैसे पाठवत असेल, औषधाची वेळ सांगत असेल. मेसेजमध्ये तीन गोष्टी हव्यातच : काय झालं, त्याचा परिणाम काय, आता काय करायचं. ‘एरर ५४’ऐवजी ‘पैसे खात्यातून गेले, समोरच्याला पोचले नाहीत, पुन्हा पाठवू नका’. आणि ‘नक्की?’ हा प्रश्न जपून वापरा. दिवसातून वीसदा विचारलात तर एकविसाव्या वेळी वाचायच्या आधीच बोट ‘होय’वर जातं. बटणावर कृती आणि आकडा लिहा : ‘१,२४० जणांना पाठवा’, ‘२१४ फोटो पुसा’.

मागे यायची वाट न ठेवणं

१३ जानेवारी २०१८ रोजी अमेरिकेच्या हवाई बेटांवरच्या फोनांवर क्षेपणास्त्र येत असल्याचा इशारा गेला. सराव होता; पाठवणाऱ्याने तो खरा समजला. ‘चुकीचा इशारा’ असा संदेश फोनांवर यायला मात्र ३८ मिनिटं लागली, कारण इशारा मागे घेण्याची तयार पद्धत कुणी बनवूनच ठेवली नव्हती. ‘पाठवा’ बनवताना ‘मागे घ्या’ त्याच दिवशी बनवा आणि सरावात दोन्ही वापरून बघा.

पुसण्याच्या बाबतीत जरा डोकं लावावं लागतं. चुकून पुसलेलं महिनाभर परत मिळावं हे ठीक, पण पुसताक्षणी ते इतरांना दिसणं बंद व्हायला हवं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची हमखास गल्लत होते.

नाव काढलं की डेटा निनावी झाला असं समजणं

ऑगस्ट २००६ मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने सुमारे ६,५०,००० लोकांनी तीन महिन्यांत सर्च इंजिनवर घेतलेले शोध प्रसिद्ध केले, नावाऐवजी नंबर देऊन. काही दिवसांतच पत्रकारांनी नुसत्या शोधांवरून एका नंबरमागची बाई शोधून काढली. धावणं-सायकलिंग नोंदवणाऱ्या स्ट्राव्हा ॲपच्या नकाशावर, जो नोव्हेंबर २०१७ मध्ये आला, नाव एकही नव्हतं. जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की निर्जन भागातल्या धावण्याच्या चकाकत्या रेघांवरून लष्करी तळ ओळखू येतात. म्हणून आकडे जाहीर करताना फार थोडी माणसं असलेले गट गाळा आणि प्रवासाची दोन्ही टोकं कापा. घर तिथेच असतं. लॉग (वापराची आपोआप होणारी नोंद) किती दिवसांनी पुसायचा हे तो लिहायला लागण्याआधीच ठरवा.

फक्त विकत घेणाऱ्याचाच विचार करणं

२०२१ मध्ये आलेला एअरटॅग, म्हणजे ॲपलचा जागा सांगणारा छोटा टॅग, किल्ल्या शोधायला होता, पण तो दुसऱ्याच्या बॅगेत टाकून त्याच्यावर पाळतही ठेवता येते. सुरुवातीला मालकापासून दूर गेलेला टॅग तीन दिवसांनी वाजायचा. ही मुदत त्याच वर्षी जूनमध्ये ८ ते २४ तासांवर आणली. असा टॅग जवळ आहे का हे शोधणारं अँड्रॉइडवाल्यांसाठीचं ॲप डिसेंबरात आलं. चाचणीच्या यादीत एक ओळ कायम ठेवा : ‘घरातल्याच माणसाने हे माझ्यावर वापरलं तर?’

तक्रार ऐकणाऱ्याच्या हातात काहीच नसणं

ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसमध्ये होरायझन ही हिशेबाची संगणक प्रणाली स्वतःच्या चुकांमुळे नसलेली तूट दाखवायची, आणि पोस्ट ऑफिस चालवणाऱ्यांना सांगितलं जायचं की मशीन बरोबर आहे. त्यातले ९०० हून अधिक जण कोर्टात दोषी ठरले. म्हणून ज्याच्यावर ठपका येतो त्याला नोंदी बघता आल्या पाहिजेत. कुठली नोंद कुणी, कधी, कुठून बदलली, यासकट. तक्रार घेणाऱ्याला ते फीचर तात्पुरतं बंद करायचा अधिकार द्या, आणि ते बंद करायला नवं व्हर्जन सोडावं लागणार नाही असा स्विच कोडमध्ये आधीच ठेवा.