दोन कानांत दोन अक्षरं : मेंदूचे गोलार्ध बोलणं कसं वाटून घेतात हे दाखवणारा प्रयोग

उजव्या कानात ‘पा’ आणि त्याच क्षणी डाव्या कानात ‘का’ वाजवलं, तर उजव्या हाताची बहुतेक माणसं उजव्या कानातलं अक्षर जास्त वेळा सांगतात. फरक लहान असतो, पण नीट मोजला तर हाती लागतो. सांगली-साताऱ्याकडच्या कुठल्याही हायस्कूलला विज्ञान प्रदर्शनासाठी हा प्रयोग झेपेल. लॅपटॉप, कान पूर्ण झाकणारा वायरचा हेडफोन आणि ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर, एवढं पुरतं.

आधी कारण समजून घ्या, कारण पुढची प्रत्येक खबरदारी त्यातूनच येते. प्रत्येक कानाचे संदेश दोन्ही गोलार्धांकडे जातात, पण विरुद्ध बाजूची वाट जास्त बळकट असते. दोन्ही कानांत एकाच वेळी वेगळं काही आलं की कानाच्याच बाजूच्या गोलार्धाकडे जाणारी वाट दबते, असं स्पष्टीकरण मानसशास्त्रज्ञ डोरीन किमुरा यांनी १९६०च्या दशकात मांडलं. बोललेले ध्वनी ओळखण्याचं मुख्य काम उजव्या हाताच्या साधारण ९५ टक्के माणसांत डावा गोलार्ध करतो. डावखुऱ्यांत हे प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे उजव्या कानातलं अक्षर थेट मुक्कामी पोचतं. डाव्या कानातलं आधी उजव्या गोलार्धात उतरतं आणि सांगलीवाडीहून सांगलीत यायला आयर्विन पूल ओलांडावा तसं कॉर्पस कॅलोसम हा दोन गोलार्धांना जोडणारा पट्टा ओलांडून डावीकडे येतं. या जोडपट्ट्यात सुमारे २० कोटी तंतू आहेत. अपस्माराच्या उपचारासाठी तो कापलेल्या रुग्णांवर मिलनर, टेलर आणि स्पेरी या संशोधकांनी १९६८ मध्ये हीच चाचणी केली. डाव्या कानात एकटा शब्द आला की ते बरोबर सांगत. दोन्ही कानांत वेगवेगळे शब्द आले की डावीकडचा जवळजवळ हरवून जाई. म्हणून तक्त्यावर उजव्या कानाइतकंच लक्ष डाव्या कानाच्या गुणांकडे वेधा. पलीकडून काय पोचलं ते तिथेच दिसतं.

आता आवाज तयार करणं. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

एकाच माणसाच्या आवाजात, एकाच पट्टीत पा, ता, का, बा, दा, गा रेकॉर्ड करा. इंग्रजी चाचण्यांत ही सहाही एकमेकांत मिसळतात. मराठीत तसं करू नका. बा-दा-गा म्हणताना ओठ किंवा जीभ सुटण्याआधीच घशात घुमारा सुरू होतो, पा-ता-कामध्ये तो नसतो. ‘पा’समोर ‘बा’ ठेवलात तर घुमारा जुळवला की स्फोट, म्हणजे ओठ किंवा जीभ सुटण्याचा क्षण, जुळत नाही आणि स्फोट जुळवला की घुमारा आधी ऐकू येतो. मग जिंकतं ते अक्षर, कान नव्हे. म्हणून पा-ता-काच्या जोड्या आपसात आणि बा-दा-गाच्या आपसात. दुसऱ्या गटात स्फोटाआधीचा घुमारा तिन्ही अक्षरांत ८० मिलिसेकंद ठेवून बाकीचा छाटा. प्रत्येक अक्षराची एकूण लांबी ४०० मिलिसेकंद करा आणि आवाजाची पातळी सारखी करा. कापताना झेड दाबून निवड शून्यरेषेवर आणा, नाहीतर ‘टक्’ असा आवाज येतो आणि मुलं त्यावरूनच अंदाज बांधतात.

डावी-उजवी बाजू धरून प्रत्येक गटात ६ जोड्या, दोन गटांच्या १२. प्रत्येक जोडी दोनदा म्हणजे २४. त्यांत दोन्ही कानांत एकच अक्षर असलेले ६ नमुने मिसळा. ही ३० विसकटून ४-४ सेकंदांच्या अंतराने लावा. फाइल दोन मिनिटांची होते.

फाइल वेव्हमध्येच साठवा, एमपी३मध्ये दोन बाजू एकमेकींत झिरपू शकतात. मोबाइलवरून वाजवणार असाल तर सेटिंगमधलं मोनो ऑडिओ बंद, बॅलन्स मधोमध आणि सराउंडसारखे सगळे परिणाम बंद. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची झाल्यास डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ब्लूटूथ नको. एका बाजूचा आवाज बंद करून पाहा: त्या कानात दुसऱ्या बाजूचा मागमूसही लागता कामा नये.

प्रत्यक्ष चाचणीआधी पालकांची परवानगी घ्या आणि प्रत्येक कानात सहाही अक्षरं एकेकटी ऐकवा. एक जरी चुकलं तरी त्या मुलाला आज घेऊ नका. सर्दी किंवा कानातला मळ हे नेहमीचं कारण. हात ठरवताना जेवणाचा हात विचारू नका, डावखुऱ्या पोरालाही घरी उजव्या हाताने जेवायला लावतात. चेंडू, कात्री आणि दात घासायचा ब्रश विचारा. खोली रस्त्यापासून लांबची निवडा. गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून जातात, विट्यासारख्या गावात यंत्रमागाचा खडखडाट असतो.

मुलाला एवढंच सांगा: “जे सगळ्यात स्पष्ट ऐकू येईल ते एक अक्षर लगेच बोल.” दोन अक्षरं आहेत हे सांगू नका, सांगितलं की मूल एक कान धरून बसतं. फाइल एकदा वाजवा, मग हेडफोन उलटा घालून पुन्हा तीच. हेडफोनची एक बाजू मोठी वाजत असेल तर तिचा परिणाम असा कटतो. मात्र दुसऱ्या फेरीत फाइलची डावी बाजू उजव्या कानात जाते. यासाठी उत्तरपत्रिका दोन वेगळ्या छापा. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

एकसारख्या १२ नमुन्यांत १०पेक्षा कमी बरोबर आली तर तो निकाल सोडून द्या. उरलेल्या ४८ मध्ये उजवीचे गुण वजा डावीचे, भागिले दोन्हींची बेरीज, गुणिले १००. उजवी २३, डावी १७, चूक ८ असतील तर ६ भागिले ४०, म्हणजे १५. उजव्या हाताची किमान २० मुलं घ्या. एखाद्याचा डावा कान पुढे निघतो, त्यात काही बिघाड नसतो. एका मुलाच्या आकड्यावरून त्याचा भाषेचा गोलार्ध ठरवता येत नाही. डॉक्टरांना तो नक्की ठरवायचा असतो तेव्हा एकेका गोलार्धाला तात्पुरती गुंगी देऊन भाषा तपासणारी वाडा चाचणी किंवा मेंदूचा कुठला भाग काम करतोय हे टिपणारा एफएमआरआय लागतो.

वेळ असेल तर दुसरा भाग जोडा. आधी “फक्त उजव्या कानातलं सांग” आणि मग “फक्त डाव्या कानातलं सांग”. उजवीकडे गुण सहज वाढतात. डावीकडे लक्ष धरणं कष्टाचं जातं, लहान मुलांना आणि वयस्करांना विशेष.

मिरज परिसरातल्या शाळांनी सुरांचीही फाइल करून पाहावी. १९६४ मध्ये किमुरा यांना धुनांच्या बाबतीत डावा कान सरस आढळला, कारण सुरावट ओळखण्यात उजव्या गोलार्धाचा वाटा मोठा. हार्मोनियमवर ४ सेकंदांच्या अनोळखी धुना वाजवा, दोन कानांत दोन, आणि नंतर चार धुनांतून ऐकलेल्या ओळखायला सांगा. गाणं किंवा सतार शिकणाऱ्यांचा गट वेगळा मांडा. तयार कान धुनेचे तुकडे पाडून ऐकतो आणि त्यांच्यात उजवा कान पुढे जाऊ शकतो.