हरितलवकाचा उगम: आकृतीत आणि वंशवृक्षात होणाऱ्या या चुका टाळा

वनस्पतींच्या पेशीत प्रकाशसंश्लेषण करणारं हरितलवक हे एका पेशीने गिळलेल्या सायनोबॅक्टेरियापासून (प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवाणूपासून) आलं. हे दाखवणारी आकृती काढताना पहिला बाणच चुकतो. सायनोबॅक्टेरियाला गिळणारी पेशी जीवाणू नव्हती. तिच्यात केंद्रक होतं, तंतुकणिकाही (मायटोकॉन्ड्रिया, पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग) होत्या. म्हणून आधी अल्फाप्रोटिओबॅक्टेरिया या जीवाणू-गटापासून तंतुकणिका आणि त्यानंतर हरितलवक, असाच क्रम दाखवा. पडताळा सोपा आहे: तंतुकणिका प्राणी, बुरशी, वनस्पती सगळ्यांत सापडतात, हरितलवक मात्र काही वंशांतच.

सर्वांत हट्टी चूक पटलांची. ‘आतलं पटल सायनोबॅक्टेरियाचं, बाहेरचं यजमानाचं (गिळणाऱ्या पेशीचं)’ असं सर्रास लिहिलं जातं. पण सायनोबॅक्टेरियाला मुळातच दोन पटलं असतात. हरितलवकाच्या बाहेरच्या पटलात सायनोबॅक्टेरियासारखी गॅलॅक्टोलिपिडं (साखर जोडलेले मेद) आहेत आणि प्रथिनं आत घेणारं तिथलं टॉक-७५ हे प्रथिन जीवाणूंच्या बाह्यपटलातल्या ओएमपी-८५ कुळातलं आहे. यजमानाने गुंडाळलेलं पटल नाहीसं झालं असावं, असंच पुरावा सुचवतो. भातात किंवा लाल शैवालात दोन पटलं मोजा, युग्लिना या एकपेशीय जीवात तीन, डायाटम या एकपेशीय शैवालात चार. दोनपेक्षा जास्त दिसली, की समजा: इथे सायनोबॅक्टेरिया नव्हे, अख्खं शैवालच गिळलं गेलं. मलेरियाच्या परजीवीतलं चार पटलांचं रंगहीन लवकही याच वाटेने आलं.

‘हरितलवकाला स्वतःचा डीएनए आहे, म्हणजे ते स्वतंत्र जगेल’ हेही खरं नाही. सिनेकोसिस्टिस या सायनोबॅक्टेरियात ३,०००हून जास्त जनुकं आहेत. वनस्पतींच्या हरितलवकात साधारण १०० ते १३०च उरतात. बाकीची काही नष्ट झाली, बरीच केंद्रकात गेली. कार्बन डायऑक्साइड पकडणारं विकर (एन्झाइम) रुबिस्को बघा: वनस्पतींत त्याचे ८ मोठे घटक हरितलवकातल्या जनुकावरून बनतात आणि ८ छोटे केंद्रकातल्या जनुकांवरून. एकच विकर, पण दोन जनुकसंचांची शिलाई! उगम शिकवायला याहून सुंदर उदाहरण नाही.

वंशवृक्ष उलटसुलट आला तर आधी जनुक तपासा. १८एस आरआरएनए (प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमच्या आरएनएचं जनुक) केंद्रकातलं, ते यजमानाचं नातं सांगतं. सायनोबॅक्टेरियाशी तुलनेला हरितलवकातलं १६एस आरआरएनए घ्या. आरबीसीएल (रुबिस्कोच्या मोठ्या घटकाचं जनुक) वापरत असाल तर लाल शैवालं सायनोबॅक्टेरियापासून दूर, प्रोटिओबॅक्टेरिया या दुसऱ्या जीवाणू-गटाजवळ जाऊन बसतील. तो तुमच्या संगणकाचा दोष नाही: त्यांचं रुबिस्कोच आडव्या जनुक-हस्तांतरणाने (वारशाने नव्हे, तर दुसऱ्या जीवाकडून थेट जनुक मिळून) दुसरीकडून आलेलं आहे. अशा वेळी एकाच जनुकावर न थांबता हरितलवकातली अनेक जनुकं एकत्र जुळवून झाड पुन्हा काढा.